रुंद रिमवर कोणत्या मापाचा टायर घ्यावा

गाडीची मूळ चाके काढून रुंद अलॉय व्हील बसवायची ठरली, की बहुतेक जण आधी रिम पसंत करतात आणि मग हिच्यावर कोणता टायर बसेल, असे दुकानात विचारतात. या प्रश्नाचे उत्तर देणे सोपे असते, कारण एकाच रिमवर चार-पाच मापांचे टायर सहज बसतात. परंतु टायर रिमवर बसणे वेगळे आणि तो गाडीला चालणे वेगळे. गाडीच्या दृष्टीने चाकाचा एकूण व्यास आणि टायरची भार पेलण्याची क्षमता या दोन गोष्टी जवळजवळ ठरलेल्या असतात. त्या सांभाळून जी रुंदी हाती उरते, तेवढीच वाढवण्याची मोकळीक आपल्याला असते. म्हणून हिशेबाची सुरुवात नव्या रिमपासून न करता जुन्या टायरपासून करावी, आणि शक्य असेल तर रिमची ऑर्डर देण्यापूर्वी करावी. रिम घरी आल्यावर केलेला हिशेब हा बहुधा तडजोडीचा हिशेब असतो.

जुन्या टायरवर काय लिहिले आहे

चालकाच्या बाजूच्या दरवाजाच्या खांबावर, इंधनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूस किंवा गाडीच्या पुस्तिकेत मूळ टायरचे माप आणि हवेचा दाब दिलेला असतो. गाडी वापरलेली घेतली असेल तर टायरवरचा आकडा न पाहता हा खांबावरचा आकडाच प्रमाण मानावा, कारण आधीच्या मालकाने टायर बदललेले असण्याची शक्यता असते. पुस्तिकेत पुष्कळदा त्याच गाडीच्या वरच्या प्रकारांसाठी दिलेली मोठी मापेही छापलेली असतात. आपल्याला हवे असलेले माप त्यांत सापडले, तर पुढचा बराचसा त्रास वाचतो.

या लेखात आपण एकच उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. मूळ टायर १९५/६५ आर १५ ९१ एच असा आहे आणि मूळ रिम ६ जे × १५, ईटी ४५ अशी आहे. यातील १९५ ही टायरची नाममात्र रुंदी मिलिमीटरमध्ये आहे. ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल बांधणी. १५ हा रिमचा व्यास इंचांत. ९१ हा लोड इंडेक्स, म्हणजे एका टायरमागे ६१५ किलो. आणि एच हे ताशी २१० किलोमीटर वेगाचे चिन्ह. रिमवरच्या ६ या आकड्याने रिमची रुंदी इंचांत कळते, मात्र ती दोन्ही कडांच्या आतल्या बाजूंमध्ये मोजलेली असते. पट्टी घेऊन रिमच्या बाहेरच्या कडांपर्यंत मोजल्यास माप साधारण एक इंचाने जास्त भरते, आणि त्यामुळे आपली रिम सात इंची आहे अशी अनेकांची गैरसमजूत होते. जे हे अक्षर रिमच्या कडेच्या आकाराचे आहे. ईटी म्हणजे ऑफसेट. मूळ जर्मन शब्दाची ही आद्याक्षरे आहेत. रिमची मध्यरेषा आणि हबला, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर चाक बसते त्याला, टेकणारा पृष्ठभाग यांमधले अंतर हा आकडा मिलिमीटरमध्ये सांगतो. हे सर्व आकडे बहुधा रिमच्या मागच्या बाजूला किंवा आऱ्यांच्या आत कोरलेले असतात, त्यामुळे चाक एकदा उतरवून ते स्वतः वाचून घेणे उत्तम.

व्यास

टायरचा व्यास काढण्यासाठी यंत्राची गरज नाही. रिमच्या इंचांना २५.४ ने गुणावे, रुंदीला भिंतीच्या टक्केवारीने गुणून त्याची दुप्पट करावी आणि दोन्हींची बेरीज करावी. आपल्या उदाहरणात १५ इंच म्हणजे ३८१ मिमी. १९५ चे ६५ टक्के म्हणजे १२६.७५ मिमी आणि त्याची दुप्पट २५३.५ मिमी, एकूण व्यास ६३४.५ मिमी.

आता समजा, ७.५ जे × १७ मापाच्या रिम घ्यायच्या आहेत. सतरा इंच म्हणजे ४३१.८ मिमी. २०५/५० आर १७ घेतला तर व्यास ६३६.८ मिमी होतो, म्हणजे मूळ व्यासाहून ०.४ टक्क्यांहूनही कमी वाढ. २२५/४५ आर १७ चा व्यास ६३४.३ मिमी, म्हणजे जवळजवळ तोच. २१५/४५ आर १७ चा ६२५.३ मिमी, म्हणजे दीड टक्क्याने कमी. २१५/५० आर १७ चा ६४६.८ मिमी, म्हणजे दोन टक्क्यांनी जास्त. यावरून एक गोष्ट ध्यानात येईल, की टायर रुंद करत गेले की भिंतीची टक्केवारी उतरवावी लागते, आणि तरीही प्रत्येक रुंदीला जुळणारी टक्केवारी मिळतेच असे नाही. २१५ च्या रुंदीला ४५ घेतले तर व्यास कमी पडतो आणि ५० घेतले तर जास्त होतो.

फरक दोन टक्क्यांच्या आत ठेवावा, हे माझे मत आहे. तीन टक्क्यांपर्यंत चालते असे सर्रास सांगितले जाते, पण तीन टक्के ही ओलांडू नये अशी सीमा आहे, गाठायचे ठिकाण नव्हे. शिवाय कोणत्या बाजूचा फरक आहे, यालाही महत्त्व आहे. व्यास वाढला की चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापते आणि स्पीडोमीटर खऱ्या वेगाहून कमी वेग दाखवू लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा नियम क्रमांक ३९ जेथे लागू आहे, तेथे स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग दाखवणे मुळीच मान्य नाही. जास्त दाखवण्याला मात्र खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ताशी ४ किलोमीटर इतकी सूट आहे. म्हणून गाड्यांचे स्पीडोमीटर मुळातच थोडे पुढे वाचतील असे बनवतात, आणि छोटीशी वाढ त्या सवलतीत जिरून जाते. परंतु आपल्या गाडीचा काटा किती पुढे वाचतो, हे उपग्रहावर चालणाऱ्या वेगमापकाशी ताडून पाहिल्याखेरीज त्यावर विसंबू नये.

अर्ध्या टक्क्यासाठी जीव टाकण्याचेही कारण नाही. नव्या टायरची नक्षी साधारण आठ मिमी खोल असते आणि ती १.६ मिमीपर्यंत झिजली की व्यास जवळजवळ १३ मिमीने घटतो. आपल्या उदाहरणात हे दोन टक्के झाले. म्हणजे टायरच्या आयुष्यात गाडी एवढा फरक एरवीही सहन करते. चारही चाकांचा परीघ मात्र एकमेकांशी जुळला पाहिजे, विशेषतः चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत, कारण तेथे पुढच्या व मागच्या चाकांच्या फेऱ्यांतला फरक मधल्या डिफरन्शियलला किंवा क्लचला सतत सोसावा लागतो. ब्रेक लावताना चाके अडकू न देणारी एबीएस यंत्रणा आणि गाडी घसरू न देणारी यंत्रणाही चाकांच्या फेऱ्यांची तुलना करूनच निर्णय घेतात.

रुंदी, आणि टायरवरच्या आकड्याचा भुलावा

प्रत्येक मापाच्या टायरला एक मोजमापाची रिम, म्हणजे जिच्यावर बसवून त्याची प्रमाणित रुंदी मोजतात ती रिम, आणि रिमच्या रुंदीची एक मान्य मर्यादा ठरवून दिलेली असते. १९५/६५ आर १५ साठी मोजमापाची रिम ६ इंची असून मर्यादा ५.५ ते ७ इंच आहे. २०५/५५ आर १६ साठी ६.५ इंची रिम आणि ५.५ ते ७.५ इंच मर्यादा. २२५/४५ आर १७ साठी ७.५ इंची रिम आणि ७ ते ८.५ इंच मर्यादा. २२५/४० आर १८ साठी ८ इंची रिम आणि ७.५ ते ९ इंच मर्यादा. टायर बनवणाऱ्या कंपनीच्या तांत्रिक तक्त्यात आपल्या नेमक्या टायरची मर्यादा पाहावी. तक्ता हाताशी नसेल तेव्हा अंदाजासाठी एवढे लक्षात ठेवावे, की ६.५ इंची रिमला १९५ ते २१५, ७ इंचीला २०५ ते २२५, ७.५ इंचीला २१५ ते २३५ आणि ८ इंचीला २२५ ते २४५ रुंदीचे टायर सामान्यतः नीट बसतात.

मर्यादेच्या अगदी टोकावरचा टायर मान्य असला तरी चांगला असतोच असे नाही. अरुंद टायर रुंद रिमवर ओढून बसवला की त्याच्या भिंती बाहेर फुगण्याऐवजी आत झुकतात, रिमची कड टायरच्या बाहेर उघडी पडते आणि फुटपाथच्या दगडाला पहिला मार तीच खाते. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की टायरची बीड, म्हणजे रिमला घट्ट धरून राहणारी तारांची कड, तिरप्या ताणाखाली राहते. हवा कमी झाली असताना जोराच्या वळणावर ती रिमवरून सुटण्याचा धोका वाढतो. काही हौशी लोक हा ओढलेला टायर दिसण्यासाठी मुद्दाम बसवतात. रस्त्यावर कुटुंबासह फिरणाऱ्या गाडीत त्याला जागा नाही, असे मला वाटते. उलट टोकाला, रुंद टायर अरुंद रिमवर बसवला तर भिंती फुग्यासारख्या बाहेर येतात, नक्षीचा मधला भाग किंचित उंचावून आधी झिजतो आणि स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी क्षणभर थांबून मग वळल्यासारखी वाटते.

आता भुलाव्याविषयी. टायरवर लिहिलेली रुंदी ही त्याची खरी रुंदी असेल असे कोणीही धरून चालेल, पण प्रमाणित आराखड्यानुसार १९५/६५ आर १५ हा टायर ६ इंची रिमवर २०१ मिमी भरतो, २०५/५५ आर १६ हा ६.५ इंची रिमवर २१४ मिमी भरतो आणि २२५/४५ आर १७ मात्र ७.५ इंची रिमवर बरोबर २२५ मिमी भरतो. रिमची रुंदी अर्ध्या इंचाने वाढवली की टायरची भिंतींमधली रुंदी साधारण पाच मिमीने वाढते. आता २०५/५० आर १७ घ्या. त्याची मोजमापाची रिम ६.५ इंची आणि तिच्यावरची रुंदी २१४ मिमी. तोच टायर आपल्या ७.५ इंची रिमवर चढवला की दोन अर्ध्या इंचांचे दहा मिमी वाढून तो २२४ मिमी होतो. म्हणजे त्या रिमवर २०५ आणि २२५ हे दोन्ही टायर भिंतीपासून भिंतीपर्यंत जवळजवळ सारखेच रुंद आहेत. फरक आहे तो रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या रुंदीत आणि भिंतीच्या आकारात. जागा वाचेल म्हणून रुंद रिमवर मुद्दाम अरुंद टायर घेणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

यात आणखी एक भर घालायला हवी. एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर शेजारी उभे केले तर खांद्याच्या आकारात डोळ्यांना दिसेल इतका फरक आढळतो, आणि वापरातल्या टायरची एकूण रुंदी आराखड्यापेक्षा चार टक्क्यांपर्यंत जास्त असणे प्रमाणात बसते. २२५ च्या टायरमध्ये हे नऊ मिमी होतात. त्यामुळे जागेचा हिशेब दोन-तीन मिमीवर आणून ठेवणे म्हणजे स्वतःची फसवणूक करणे होय.

भार आणि हवा

या विषयाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. रुंद टायर म्हणजे जास्त मजबूत टायर, असा समज पसरलेला आहे, पण भार पेलते ती मुख्यतः टायरच्या आत दाबलेली हवा, आणि भिंत बुटकी होत गेली की त्या हवेचे आकारमान कमी होते. म्हणून मापाच्या आकड्याकडे न पाहता लोड इंडेक्सकडे पाहावे, आणि नवा इंडेक्स मूळ इंडेक्सपेक्षा कमी असू नये. आपल्या उदाहरणातला मूळ इंडेक्स ९१ आहे, म्हणजे ६१५ किलो. २१५/४५ आर १७ हा टायर साध्या बांधणीत ८७ इंडेक्सचा मिळतो, म्हणजे ५४५ किलो. एका आसाच्या दोन टायरांमागे ही घट १४० किलोंची झाली. मागच्या सीटवर दोन मोठी माणसे बसली की तेवढे वजन झालेच.

यावर उपाय म्हणून एक्सएल बांधणीचा टायर असतो. एक्सएल म्हणजे जास्त दाब सहन करून जास्त भार पेलणारा टायर. काही टायरांवर त्याऐवजी ‘रीइन्फोर्स्ड’ असे लिहिलेले असते. तोच २१५/४५ आर १७ एक्सएलमध्ये ९१ इंडेक्सचा मिळतो. मूळ इंडेक्सही ९१ आणि नवाही ९१, तेव्हा काम झाले असे वाटते. पण तसे नाही. युरोपीय प्रमाणानुसार साध्या टायरचा लोड इंडेक्स २.५ बार, म्हणजे सुमारे ३६ पीएसआय दाबावर धरलेला असतो, तर एक्सएल टायरचा २.९ बार, म्हणजे सुमारे ४२ पीएसआय दाबावर. दाब कमी केला की क्षमताही उतरते.

हे जवळून पाहू. समजा, खांबावर ३२ पीएसआय, म्हणजे सुमारे २.२ बार दाब सांगितला आहे. टायरची क्षमता दाबाच्या ०.८ घाताच्या प्रमाणात बदलते, असे धरून प्रमाणित तक्ते तयार केलेले असतात. २.२ ला २.५ ने भागले की ०.८८ येतात आणि त्याचा ०.८ घात सुमारे ०.९० येतो. म्हणजे मूळ ९१ इंडेक्सचा टायर ३२ पीएसआयवर सुमारे ५५५ किलो पेलतो, आणि गाडी बनवणाऱ्याने तेवढी क्षमता गृहीत धरूनच तो दाब ठरवलेला आहे. नव्या टायरनेही किमान ५५५ किलो पेलले पाहिजेत. ८७ इंडेक्सच्या साध्या टायरची पूर्ण ३६ पीएसआयवरची क्षमताच ५४५ किलो आहे, म्हणून तो येथेच बाद होतो. हवा वाढवून हा प्रश्न सुटत नाही. ९१ एक्सएलला ५५५ किलोंसाठी सुमारे ३७ पीएसआय हवा लागते. २२५/४५ आर १७ साध्या ९१ इंडेक्सचा घेतला तर मूळ ३२ पीएसआयच पुरते, आणि तोच टायर ९४ एक्सएल, म्हणजे ६७० किलोंचा घेतला तर सुमारे ३३ पीएसआय पुरते. म्हणजे एक्सएल टायर बसवून जुनाच ३२ चा आकडा भरत राहणारा माणूस ९१ एक्सएलच्या बाबतीत पाच पीएसआय कमी हवेवर गाडी चालवत असतो, आणि त्याला ते जाणवतही नाही, कारण एक्सएलची भिंत ताठ असल्याने टायर बसलेला दिसत नाही. कमी हवेचा टायर आतून तापतो आणि नुकसान बाहेरून दिसण्याआधीच होऊन बसते.

रिकाम्या गाडीसाठी एक आणि भरलेल्या गाडीसाठी दुसरा असे दोन दाब खांबावर दिलेले असतील, तर हा हिशेब दोन्हींसाठी आणि पुढच्या-मागच्या आसांसाठी वेगवेगळा करावा. टायर कंपनीचा भार-दाब तक्ता उपलब्ध असेल, तर आपल्या गणितापेक्षा त्यावरचा आकडा पक्का मानावा. वेगाच्या चिन्हाबाबत फार सांगण्यासारखे नाही: टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७०, आणि नवे चिन्ह मूळ चिन्हापेक्षा खालचे असू नये.

जागा

व्यास आणि भार यांच्या चाळणीतून आपल्या उदाहरणात २२५/४५ आर १७ आणि, थोड्या जास्त दाबाच्या तयारीने, ९१ इंडेक्सचा २१५/४५ आर १७ हे दोन टायर उरतात. २०५/५० आर १७ साध्या बांधणीत ८९ इंडेक्सचा, म्हणजे ५८० किलोंचा मिळतो. तो घ्यायचा तर एक्सएलमधला ९३ घ्यावा लागेल, शिवाय ७.५ इंची रिम त्याच्या मर्यादेच्या वरच्या टोकाला येते. मी २२५/४५ निवडेन. आता तो फेंडरखाली, म्हणजे चाकावरच्या पत्र्याखाली, मावतो का, हे पाहायचे.

मूळ टायर २०१ मिमी रुंद असल्याने मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना १००.५ मिमी पसरतो. नवा ११२.५ मिमी पसरेल. ऑफसेट तोच ४५ ठेवला तर टायर आतल्या बाजूला १२ आणि बाहेरच्या बाजूला १२ मिमी वाढेल. ऑफसेट ३५ घेतला तर पूर्ण चाक १० मिमी बाहेर सरकेल. मग बाहेरची वाढ २२ मिमी आणि आतली फक्त २ मिमी होईल. अनेक जण हा हिशेब टायरऐवजी रिमच्या रुंदीवरून करतात. ६ ची ७.५ इंची रिम म्हणजे प्रत्येक बाजूला १९ मिमी वाढ, असे उत्तर त्यांना मिळते, आणि रिमच्या कडेपुरते ते खरेही आहे. परंतु मूळ टायर त्याच्या अरुंद रिमच्या बाहेर बराच फुगलेला होता, म्हणून टायरच्या भिंतीची वाढ त्याहून कमी असते. दोन्ही आकडे काढून ठेवावेत: शॉक अब्सॉर्बर आणि स्प्रिंगच्या तबकडीपाशी कोणता उपयोगी पडेल हे गाडीनुसार बदलते, कारण १५ ऐवजी १७ इंची रिम घेतल्यावर रिमची आतली कडही एक इंचाने वर जाते.

आता गाडीवर मोजमाप घ्यावे. सपाट जागेवर गाडी उभी करून, मूळ चाक लावलेले असतानाच, टायरच्या भिंतीपासून शॉक अब्सॉर्बरपर्यंतचे अंतर आणि फेंडरच्या कडेपासून टायरच्या बाहेरच्या भिंतीपर्यंतचे आडवे अंतर घ्यावे. दुसऱ्या अंतरासाठी फेंडरवरून ओळंबा सोडला की काम सोपे होते. पुढची चाके दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून फेंडरच्या आतल्या लायनरपासूनचे, म्हणजे अस्तरापासूनचे, अंतरही पाहावे. शॉक अब्सॉर्बर आणि टायर यांत निदान पाच-सहा मिमी मोकळी जागा राहावी, आणि हलत्या भागांपाशी त्याहून जास्त. चाकांवर साखळ्या लावाव्या लागणाऱ्या बर्फाळ प्रदेशात हे अंतर आणखी वाढवावे लागते.

उभ्या गाडीचे मोजमाप पुरेसे नसते, हे मी पैसे घालवून शिकलो आहे. ऑफसेट ४५ ऐवजी ३५ ची रिम मला देण्यात आली. दुकानात चाके पूर्ण वळवून पाहिली, कोठे काही घासले नाही, आणि बसवणाऱ्याने निश्चिंत राहा म्हटले. पुढच्याच आठवड्यात चार माणसे आणि सामान घेऊन गतिरोधकावरून जाताना मागून फडका फाडल्यासारखा आवाज आला. उतरून पाहिले तर मागच्या टायरच्या बाहेरच्या खांद्यावरून रबराची पातळ साल निघून तिची वेटोळी फेंडरच्या आत अडकली होती. फेंडरचा पत्रा कडेला आत दुमडलेला असतो. त्या दुमडीची धार बाहेरून दिसत नाही, पण आतून बोट फिरवले की लागते. तेव्हापासून मी मोजताना मागच्या आसनावर आणि डिकीत पूर्ण वजन ठेवतो, किंवा स्प्रिंग काढून चाक जॅकने वर उचलून पाहणाऱ्या कारागिराकडे जातो.

ऑफसेट कमी करण्याची किंमत फेंडरपुरती नसते. चाकाची मध्यरेषा दहा मिमी बाहेर गेली की स्टिअरिंगच्या फिरण्याच्या अक्षापासूनचे अंतर बदलते, बेअरिंगवरचा भार सरकतो, आणि एका चाकाखाली पाणी किंवा खडी आली की स्टिअरिंग हातातून ओढल्यासारखे होते. म्हणून दिसण्यासाठी चाके बाहेर काढण्यापेक्षा मूळ ऑफसेटच्या जवळ राहणे चांगले. आत जागा कमी पडत असेल तेवढेच, आणि तेही पाच मिमीच्या टप्प्याने, बाहेर सरकावे. फेंडरच्या बाहेर डोकावणारे चाक अनेक देशांत तपासणीला उतरत नाही, आणि मापबदलाची नोंद केली नसेल तर विम्याचा दावाही अडू शकतो; आपल्याकडचा नियम आधी पाहून घ्यावा.

रुंद टायरने कोरड्या रस्त्यावर पकड सुधारते, हे खरे. परंतु पाण्यावर तोच टायर कमी वेगात तरंगू लागतो, जड वाहनांनी पाडलेल्या चाकोऱ्यांमध्ये तो आपोआप ओढला जातो, आणि बुटक्या भिंतीमुळे खड्ड्याचा दणका थेट रिमला बसतो. आपल्या उदाहरणात भिंत १२७ मिमीवरून १०१ मिमीवर आली आहे. रस्ते खराब असतील तर १७ इंचांऐवजी १६ इंची, ६.५ किंवा ७ जे रिम घेऊन २०५/५५ आर १६ बसवावा: व्यास ६३१.९ मिमी, फरक अर्ध्या टक्क्याहून कमी, इंडेक्स साध्या बांधणीतच ९१, आणि भिंत ११३ मिमी. माझ्या मते रोजच्या वापराच्या बहुतेक गाड्यांना हेच माप जास्त मानवेल, पण १७ इंची रिमचे आकर्षण मलाही ठाऊक आहे.

बसवताना

रिमच्या भोकांचे वर्तुळ, म्हणजे पीसीडी, तंतोतंत जुळले पाहिजे. जवळपासचे चालत नाही. मधले भोक हबपेक्षा मोठे असेल, तर हबचा व्यास आणि भोकाचा व्यास यांच्या मापाची मधली रिंग घालावी, नाहीतर कितीही बॅलन्सिंग केले तरी ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरत राहते. नटांची बैठक शंकूच्या आकाराची आहे की गोल, हे रिमशी ताडून पाहावे, कारण चुकीच्या बैठकीचा नट घट्ट वाटतो आणि पुढे सैल होतो. स्टेपनी मूळ मापाची राहणार असेल, तर तिचा व्यास नव्या चाकाच्या जवळ असणे गरजेचे आहे. २२५/४५ आर १७ निवडण्याचा हा आणखी एक फायदा. जुने नट स्टेपनीच्या रिमला लागत असतील, तर ते गाडीतच ठेवावेत.

पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने पुन्हा तपासावेत आणि चारही फेंडरांच्या आत बॅटरी मारून लायनरवर काळे चकाकते ओरखडे आले आहेत का, ते पाहावे. टायरमधला दाब ओळखणारी यंत्रणा चाकांच्या फेऱ्यांवरून काम करणारी असेल, तर थंड टायरमध्ये नवा दाब भरून ती पुन्हा शिकवून घ्यावी. आणि ज्या खांबावर जुना दाब छापलेला आहे, त्याच्या शेजारी नव्या मापाचा आणि नव्या दाबाचा कागद चिकटवावा, कारण हवा भरणारा माणूस दार उघडून खांबावरचा आकडा वाचतो आणि ३२ भरून मोकळा होतो.